जेन फोंडा : घामाचा आणि शब्दांचा हिशेब

२४ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेच्या बाजारात एक व्हिडिओ कॅसेट आली. तिच्यात कथा नव्हती, नायक नव्हता, गाणीही नव्हती. लिओटार्ड आणि लेगवॉर्मर्स घातलेली चव्वेचाळीस वर्षांची एक बाई संगीताच्या ठेक्यावर व्यायाम करत होती आणि समोरच्याला करायला सांगत होती. कॅसेटची किंमत होती ५९.९५ डॉलर. तेव्हा व्हीसीआर फार थोड्या घरांत होता आणि ज्यांच्याकडे होता ते कॅसेट विकत घेण्याऐवजी दुकानातून भाड्याने आणत. तरीही ही कॅसेट लोकांनी विकत घेतली. कारण साधं होतं. सिनेमा एकदा पाहून परत करता येतो, व्यायाम रोज करावा लागतो. पुढे या मालिकेत वीसहून अधिक कॅसेट निघाल्या आणि सगळ्या मिळून १ कोटी ७० लाखांच्या आसपास प्रती खपल्या, असं सांगितलं जातं. घरात बसून पडद्यासमोर व्यायाम करण्याची जी सवय आज मोबाइलवर पोचली आहे, तिची सुरुवात शोधायची तर या कॅसेटपाशी थांबावंच लागतं.

कॅसेटवरची बाई होती जेन फोंडा. अभिनयाची दोन ऑस्कर तिच्या नावावर होती. व्हिएतनाम युद्धाला विरोध केल्यामुळे अर्धा देश तिच्यावर चिडलेला होता. आणि १९८१ साली आलेलं तिचं व्यायामाचं पुस्तक खपाच्या यादीत महिनोन्महिने अग्रस्थानी होतं. अभिनेत्री, लेखिका आणि आरोग्याची प्रचारक अशी तीन कामं तिने केली. अशा कारकिर्दीचे सहसा तीन कप्पे केले जातात : आधी सिनेमा, मग धंदा, शेवटी आठवणी. फोंडाच्या बाबतीत हे कप्पे टिकत नाहीत. तिन्ही कामांचा विषय एकच आहे, तो म्हणजे बाईचं शरीर आणि त्यावर कोणाचा हक्क चालतो हा प्रश्न. त्यातही तिचं लेखन उरलेल्या दोन कामांची उलटतपासणी करतं. म्हणून या लेखात तिच्या यशाची यादी देण्याऐवजी या तीन कामांचा एकमेकांशी असलेला संबंध पाहायचा आहे.

दुसऱ्यांच्या नजरेतलं शरीर

जेनचा जन्म २१ डिसेंबर १९३७चा, न्यूयॉर्कमधला. वडील हेन्री फोंडा हॉलिवूडचे मोठे नट, पडद्यावर सचोटीच्या अमेरिकन माणसाचं प्रतीक. घरात मात्र ते अबोल आणि तुटक. आई फ्रान्सेस मानसिक आजाराने ग्रासलेली होती. एप्रिल १९५०मध्ये तिने रुग्णालयात आत्महत्या केली, तेव्हा जेन बारा वर्षांची होती. आई हृदयविकाराने गेली असं तिला सांगण्यात आलं. खरं काय ते तिला पुढे एका सिनेमासिकातून कळलं.

तिच्या आत्मचरित्रात लहानपणाची आणखी एक बाजू वारंवार येते. मुलीचं अंग भरलेलं दिसू लागलं की वडील ते स्वतः बोलत नसत, पत्नीकरवी तिला कळवत. आपण आहोत तशा चालणार नाही, ही समजूत इथून पक्की झाली. शाळेच्या वसतिगृहात असतानाच तिला बुलिमिया जडला. या विकारात माणूस भरमसाट खातो आणि मग घाबरून ते उलटी करून बाहेर टाकतो. तेव्हा या विकाराला नावही नव्हतं. त्यामुळे तो लपवणं सोपं होतं आणि त्यावर मदत मागणं अशक्य. तो तिला अनेक वर्षं पुरला.

सिनेमाने या समजुतीला खतपाणी घातलं. १९६० सालच्या ‘टॉल स्टोरी’ या पहिल्या चित्रपटाच्या वेळी स्टुडिओच्या मालकाने तिने छातीला भर घालणारे पॅड वापरावेत असा निरोप धाडला. गालफडं उठून दिसण्यासाठी जबड्याची शस्त्रक्रिया करावी, असंही सुचवण्यात आलं. हे तिनेच लिहून ठेवलं आहे. पुढे फ्रेंच दिग्दर्शक रॉजर व्हादिमशी तिने लग्न केलं आणि १९६८ साली त्याच्या ‘बार्बरेला’त ती अंतराळात फिरणारी मादक नायिका झाली. तिची छायाचित्रं जगभर भिंतींवर लागली. ज्या शरीराची जगाला भूल पडली होती, त्याची तिला स्वतःला लाज वाटत होती.

अभिनेत्री घडते, नागरिक घडते

१९६९चा ‘दे शूट हॉर्सेस, डोन्ट दे?’ हा चित्रपट तिच्या कारकिर्दीतलं वळण ठरला. मंदीच्या काळात बक्षिसासाठी दिवसरात्र नाचत राहणाऱ्या जोडप्यांची ही गोष्ट. इथे शरीर शोभेचं नव्हतं, थकून मोडणारं होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस ती भारतात येऊन गेली. पाश्चात्त्य तरुण मनःशांती शोधत इकडे येत होते तो हा काळ. तिच्या मनावर ठसली ती गरिबी आणि परतल्यावर बेव्हर्ली हिल्समधली श्रीमंती तिच्या डोळ्यांना खुपली. १९७१च्या ‘क्लूट’मध्ये तिने शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रीचं काम केलं. त्यासाठी ती अशा स्त्रियांना भेटली, त्यांच्याबरोबर राहिली. या भूमिकेने तिला पहिलं ऑस्कर दिलं.

याच सुमारास ती युद्धविरोधी चळवळीत उतरली. जुलै १९७२मध्ये ती हनोईला गेली आणि तिथे विमानविरोधी तोफेवर बसलेलं तिचं छायाचित्र निघालं. या एका छायाचित्राचा राग अनेक माजी सैनिकांनी आजतागायत सोडलेला नाही. तोफेवर बसणं ही चूक होती, हे तिने १९८८ साली दूरचित्रवाणीवर माजी सैनिकांची माफी मागताना मान्य केलं. युद्धाला केलेला विरोध मात्र तिने कधी मागे घेतला नाही.

नंतरच्या काळात तिने स्वतःची निर्मितीसंस्था काढून विषय निवडले. ‘कमिंग होम’ (१९७८) हा युद्धात अपंग झालेल्या सैनिकाबद्दलचा चित्रपट होता. त्यातल्या कामासाठी तिला दुसरं ऑस्कर मिळालं. अणुवीज केंद्रातल्या लपवाछपवीवरचा ‘द चायना सिंड्रोम’ १६ मार्च १९७९ला प्रदर्शित झाला आणि बाराच दिवसांनी थ्री माइल आयलंड येथे खराच अपघात घडला. ‘नाइन टू फाइव्ह’ (१९८०) हा हसतखेळत चालणारा सिनेमा कचेऱ्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेशी झालेल्या चर्चांतून उभा राहिला होता. व्यायामाच्या धंद्याकडे वळलेली फोंडा ही अशी होती. त्या धंद्याचा हेतू समजायला एवढी पार्श्वभूमी लागते.

व्यायामशाळा आणि तिचं राजकारण

‘द चायना सिंड्रोम’च्या चित्रीकरणात तिचं पाऊल मोडलं. वर्षानुवर्षं ती बॅलेचा व्यायाम करत आली होती, तो बंद पडला. पायावर फार भार न देता करता येईल असं काही शोधताना ती लेनी कॅझडेन या शिक्षिकेच्या वर्गात गेली. संगीताच्या तालावर एकेका स्नायूला दमवत नेणारी ही पद्धत तिला मानवली.

तेव्हा तिचा पती होता टॉम हेडन, विद्यार्थी चळवळीतून आलेला कार्यकर्ता. ‘कॅम्पेन फॉर इकॉनॉमिक डेमॉक्रसी’ ही त्या दोघांची संघटना सौरऊर्जा, भाडेनियंत्रण, मोठ्या कंपन्यांवर लोकांचा अंकुश अशा मागण्यांसाठी कॅलिफोर्नियात काम करत होती. तिला पैसा कुठून आणायचा हा रोजचा प्रश्न होता. एका राजकीय गटाने संगणकाच्या व्यवसायातून निधी उभारल्याचं फोंडाच्या वाचनात आलं आणि आपणही एखादा धंदा काढावा असं तिने ठरवलं. १९७९ साली बेव्हर्ली हिल्समध्ये व्यायामाचा स्टुडिओ उघडला. त्याची मालकी संघटनेकडे ठेवली आणि नफा तिकडेच जाऊ लागला. या व्यवहारात लेनी कॅझडेन मात्र बाहेर राहिली. व्यायामाचा क्रम मुळात तिचा, नाव आणि कीर्ती फोंडाची. पुढे फोंडाने तिचं ऋण जाहीरपणे मान्य केलं, पण आर्थिक लोकशाहीच्या नावाने चाललेल्या धंद्यात हे घडावं हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

स्त्रियांनी घाम गाळावा याचं तेव्हा अप्रूप का होतं, हेही पाहायला हवं. १९२८च्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. बायकांना ती झेपत नाही असा गवगवा करून ती काढून टाकली गेली आणि १९६०पर्यंत परत आली नाही. मधल्या काळात ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना २०० मीटरहून लांब धावायला मिळालं नाही. स्त्रियांची मॅरेथॉन तर १९८४ उजाडल्यावर आली. जिममध्ये पुरुषांचं राज्य होतं आणि बायकांसाठी वजन घटवण्याचे पट्टे आणि मालिश. एअरोबिक्स हा शब्द डॉ. केनेथ कूपर यांच्या १९६८च्या पुस्तकाने रूढ केला होता. नाचाच्या अंगाने जाणारे व्यायामवर्गही सुरू झाले होते. म्हणजे फोंडाने काही नवं शास्त्र शोधलं नाही. जे काही शहरांतल्या मोजक्या वर्गांत होतं ते तिने घरोघर नेलं. जिममध्ये लोकांसमोर जायला संकोचणारी, मूल लहान असलेली, गावात सोय नसलेली बाई आपल्या दिवाणखान्यात, कोणी पाहत नसताना हात-पाय हलवू लागली. कॅसेट काढायची कल्पना व्हिडिओ व्यावसायिक स्टुअर्ट कार्लने मांडली, तेव्हा फोंडा आधी कां-कूं करत होती. आपल्या अभिनयाच्या प्रतिष्ठेला हे शोभेल का, अशी तिला शंका होती आणि तिच्या स्वतःच्या घरी व्हीसीआरही नव्हता.

पुस्तकात होतं ते कॅसेटमधून गळलं

१९८१चं ‘जेन फोंडाज वर्कआउट बुक’ आज चाळलं तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. त्यात फक्त व्यायामाची चित्रं नाहीत. सुरुवातीला स्वतःच्या शरीराशी तरुणपणी आपण कसं वैर केलं याची कबुली आहे. शेवटी प्रदूषण, अन्नातली रसायनं, कामाच्या जागचे धोके यांबद्दल मजकूर आहे. तिचं म्हणणं असं की तुम्ही कितीही जोर-बैठका काढा, हवा आणि पाणी विषारी असेल तर एकट्याचा व्यायाम पुरा पडणार नाही. शरीर सुदृढ ठेवणं आणि समाज सुदृढ ठेवणं ही तिच्या लेखी एकाच कामाची दोन टोकं होती.

कॅसेटमध्ये यातलं काही आलं नाही, येऊ शकतही नव्हतं. ठेक्यावर पाय उचलताना कोणी भाषण ऐकत नाही. लोकांनी व्यायाम घेतला आणि मजकूर सोडून दिला. नफा राजकारणाला जात होता, पण विकत घेणारीच्या मनात उरली ती एक सडपातळ, घामेजलेली, हसरी बाई. स्त्रीला आपल्या ताकदीची जाणीव व्हावी म्हणून काढलेल्या कॅसेटने ‘असंच दिसायला हवं’ हा नवा धाक घातला. स्नायू जळेपर्यंत करत राहा, हा तिचा मंत्र तर घोषवाक्यासारखा पसरला. अति उड्यांनी गुडघे आणि नडग्या दुखावल्याच्या तक्रारी वाढल्या, तसा ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर साऱ्या एअरोबिक्सचाच रोख बदलला. १९८६ साली फोंडानेही सांध्यांवर कमी ताण देणाऱ्या व्यायामाची कॅसेट काढली.

इथे आजच्या ‘वेलनेस’ उद्योगाचं बीज दिसतं. आरोग्य ही तुमची वैयक्तिक जबाबदारी, ते विकत घेता येतं, आणि ते नसेल तर दोष तुमचा, हा त्याचा गाभा. फोंडाला हे म्हणायचं नव्हतं. पण माध्यमाने तिच्याकडून जेवढं हवं तेवढं उचललं.

लेखन : स्वतःचीच फेरतपासणी

१९९० नंतर तिने चित्रपट सोडले. १९९१मध्ये माध्यमसम्राट टेड टर्नरशी लग्न केलं, ते २००१मध्ये संपलं. या काळात ती जॉर्जियात राहत होती आणि १९९५ साली तिथे किशोरवयीन मुलींची गर्भधारणा रोखण्यासाठी तिने एक संस्था उभी केली. आता तिचं आरोग्याचं काम आरशापासून दूर गेलं होतं. शाळा सोडावी लागणाऱ्या, घरात अत्याचार सोसणाऱ्या मुलींशी तिचा संबंध आला.

२००५ साली ‘माय लाइफ सो फार’ हे आत्मचरित्र आलं. आयुष्याचे तीन अंक धरून ते रचलेलं आहे आणि साठीनंतरचा तिसरा अंक ही सुरुवात आहे असं ती मानते. पुस्तकाचं बळ गाजलेल्या नावांत नाही. ज्या बाईने लाखो स्त्रियांना शरीराचा अभिमान बाळगायला शिकवलं, तिने आपण अनेक वर्षं आपल्याच शरीराचा द्वेष करत होतो हे इथे तपशीलवार सांगितलं. प्रत्येक नवऱ्याबरोबर आपण त्याला हवी तशी बाई होत गेलो, हेही सांगितलं. लिहिताना तिने आईची वैद्यकीय कागदपत्रं मिळवली. लहानपणी आईवर लैंगिक अत्याचार झाला होता हे तिला त्यांतून कळलं. आईचं दूर राहणं, तिचा आजार आणि शेवट यांचा अर्थ मुलीला साठीनंतर लागला. आईने आपल्यावर प्रेम केलं नाही याचं कारण आपल्यात नव्हतं, ही समज तिला कुठल्याही व्यायामाने दिली नसती.

या पुस्तकानंतर तिच्या सल्ल्याचा सूर बदलला. २०११च्या ‘प्राइम टाइम’मध्ये तिने म्हातारपणावर लिहिलं. माणसाचं आयुष्य मध्यावर चढून मग उतरणारी कमान नाही, तो वर जाणारा जिना आहे, असं तिचं प्रतिपादन. शरीर झिजतं पण समज वाढू शकते. हे ती नितळ चेहऱ्याच्या जोरावर सांगत नव्हती. नितंबाचा आणि गुडघ्याचा सांधा बदलल्याचं, स्तनातली गाठ काढल्याचं, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करून घेतल्याचं तिने लपवलं नाही. वृद्धांसाठी तिने नव्या व्यायामफिती काढल्या, त्यांत उड्यांऐवजी तोल सांभाळणं आणि चालणं आलं. २०१५ ते २०२२ या काळात चाललेल्या ‘ग्रेस अँड फ्रँकी’ या मालिकेत सत्तरी ओलांडलेल्या दोन मैत्रिणींचं आयुष्य आलं, त्यांचे दुखरे सांधे आणि त्यांची शरीरसुखाची ओढही आली. तिचं लेखन आणि तिचा अभिनय इथे एका वाटेवर आले.

मग २०१९च्या शरदात ती वॉशिंग्टनला मुक्कामाला गेली आणि हवामानबदलाविरुद्ध दर शुक्रवारी निदर्शनं करू लागली. तिला अनेकदा अटक झाली. ऐंशी ओलांडलेल्या या बाईने एक रात्र कोठडीतही काढली. त्या अनुभवावरचं ‘व्हॉट कॅन आय डू?’ हे पुस्तक २०२०मध्ये आलं. १९८१च्या पुस्तकातली शेवटची प्रकरणं, जी वाचकांनी ओलांडून पुढे टाकली होती, त्यांनाच आता स्वतंत्र पुस्तक मिळालं.

सल्ला कोणाचा ऐकावा?

सप्टेंबर २०२२मध्ये फोंडाने आपल्याला नॉन-हॉजकिन्स लिम्फोमा हा कर्करोग झाल्याचं आणि केमोथेरपी सुरू असल्याचं जाहीर केलं. डिसेंबरात आजार माघारी गेल्याचं तिने कळवलं. या प्रसंगी तिने काय सांगितलं हे महत्त्वाचं आहे. आपण जिद्दीने लढू, आहार आणि व्यायामाने बरं होऊ, असा सूर तिने लावला नाही. आपल्याकडे आरोग्यविमा आहे, उत्तम डॉक्टर आहेत, आणि हे आपलं भाग्य आहे, कारण कितीतरी कुटुंबांना असे उपचार मिळत नाहीत आणि हे बरोबर नाही, असं ती म्हणाली. कर्करोगाची कारणं शोधताना कीटकनाशकं आणि खनिज इंधनं यांच्याकडेही पाहा, असं तिने सुचवलं.

प्रसिद्ध व्यक्तींनी आरोग्यावर बोलणं आता रोजचं झालं आहे. त्यांतले बहुतेक आपल्या देखण्या शरीराचा पुरावा देतात : मी असं केलं, म्हणून अशी दिसते. हा पुरावा फसवा असतो. त्यात जन्माने मिळालेली ठेवण, हाताशी असलेला पैसा, स्वयंपाकी, शस्त्रक्रिया आणि छायाचित्रकार यांचा हिशेब नसतो. फोंडानेही १९८२मध्ये हाच पुरावा दिला होता आणि तोच सर्वांत जास्त खपला. तिचं वेगळेपण असं की पुढच्या चाळीस वर्षांत तिने तो हिशेब पुरा केला. त्या शरीरामागे कोणता आजार होता, व्यायामाचा क्रम कोणाचा होता, चेहऱ्यावर काय केलं, उपचारांचे पैसे कोणाला परवडतात, हे तिने एकेक करून मांडलं.

त्यामुळे आरोग्याचा सल्ला देणाऱ्या कोणत्याही प्रसिद्ध माणसाला लावता येतील अशा दोन कसोट्या तिच्या कारकिर्दीतून हाती लागतात. पहिली, हा माणूस आपल्या यशातला न दिसणारा भाग सांगतो का? दुसरी, तुमचं आरोग्य तुमच्या हातात किती आणि समाजाच्या हातात किती, याचा फरक तो करतो का? रोज अर्धा तास चालणं आपल्या हातात आहे आणि ते करावंच. गावातलं पाणी शुद्ध असणं, दवाखाना जवळ असणं, शाळेतल्या मुलीला आपल्या शरीराबद्दल खरी माहिती मिळणं, हे एकट्याने पायऱ्या चढून होणारं नाही. फोंडाने हे पहिल्याच पुस्तकात लिहिलं होतं. लोकांनी त्यातली फक्त चित्रं पाहिली. ती पानं आता तरी वाचायला हवीत.